वीजबिल कमी होतं आणि तीन-चार महिन्यांत परत चढतं: आमच्या वर्कशॉपमध्ये शेवटी काय सापडलं

ज्यांचं वर्कशॉप आहे आणि लोड वीस किलोवॅटच्या वर आहे त्यांच्यासाठी लिहितोय. घरगुती बिलवाल्यांना यातलं थोडंच लागू पडेल.

आमचं भोसरीत छोटं युनिट आहे, शीट मेटल आणि थोडं मशिनिंग, मंजूर लोड ५० किलोवॅट. दोन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी मिलिंग मशीन, पाच पॉवर प्रेस (त्यातल्या दोन नवीन शेडमध्ये), दोन वेल्डिंग सेट आणि २० एचपीचा स्क्रू कंप्रेसर. एकच शिफ्ट पण लांबडी, साधारण बारा तास चालते.

त्रास असा की २०२३ च्या दिवाळीपासून बिल अचानक चढायचं, वायरमन काकांना बोलवायचो, ते पॅनल उघडून कपॅसिटर (मोटरींना लागणारी बिनकामाची वीज जागेवरच पुरवणारे डबे) फुगलेत म्हणायचे, नवीन टाकायचे, पुढचं बिल खाली यायचं, मी खूश. मग चार महिन्यांनी परत तेच. २०२४ च्या उन्हाळ्यात दुसरा संच टाकला आणि वर "जादाचा असू दे शेठ" म्हणून पाच केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) एक कपॅसिटर कायमचा मेन बसबारला (सगळीकडे वीज वाटणारी जाड पट्टी) जोडून दिला. जानेवारी २०२५ मध्ये तिसरा संच. आणि फेब्रुवारीचं बिल आलं ते तिन्ही वेळेपेक्षा वाईट! पॅनलच्या डिस्प्लेवर पॉवर फॅक्टर (बिलाच्या युनिटांपैकी खरंच कामी आलेला हिस्सा, १ म्हणजे उत्तम) ०.९९ दिसतोय, बिलात ०.८३. मी काकांना फोटो पाठवला तर म्हणाले मीटर खराब असणार. मीटर बरोबर होता हे आधीच सांगून टाकतो, उगाच टेस्टिंगचे पैसे भरू नका.

आता आधी बिल कसं बघायचं ते, कारण मी इतकी वर्षं फक्त शेवटचा आकडा बघून चेक लिहायचो.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून वीज नियामक आयोगाच्या आदेशाने उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटवरच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं. म्हणजे तुम्ही खरंच वापरलेले युनिट, केडब्ल्यूएच, त्यावर बिल नाही, तर त्यात पॉवर फॅक्टरचा गोंधळ मिसळून जो आकडा होतो त्यावर. आधी पॉवर फॅक्टर खराब असला तर दंडाची वेगळी ओळ यायची, डोळ्यात भरायची. आता दंड दिसतच नाही, युनिटच वाढून येतात, त्यामुळे आपल्याला वाटतं वापर वाढला. माझं फेब्रुवारीचं: वापर ८,२०० युनिट, बिलिंग ९,८७०. जवळपास सतराशे युनिट असे की ज्यातून एक भोकसुद्धा पाडलं नाही. आमच्याकडे तेव्हा सगळे चार्जेस धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडायचं, करा हिशोब.

बिलावर दोन रकाने अजून असतात, आरकेव्हीएएच लॅग आणि आरकेव्हीएएच लीड. लॅग म्हणजे मोटरींसारखा लोड ओढतो ती बिनकामाची वीज, लीड म्हणजे त्याच्या उलट बाजूची. माझ्या बिलावर लॅग ३,६०० आणि लीड १,९००. मला वाटायचं एकात कमी एकात जास्त, म्हणजे फिटंफाट. तसं नाही, दोघांची बेरीज होते. बेरीज ५,५००, तिचा वर्ग, अधिक ८,२०० चा वर्ग, वर्गमूळ काढलं की ९,८७० येतात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, तुमचंही जुळेल. इथेच माझी ट्यूब पेटली, कारण आमच्याकडे लीड यायचं कारणच नव्हतं, सगळ्या मोटरी आणि वेल्डिंग, हा सगळा लॅगचा माल. मग लीड १,९०० आला कुठून?

गुरुवारची रात्र

आमच्या इकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी संध्याकाळी आठला मीटरचं बटण दाबत दाबत सगळ्या रीडिंगचे फोटो काढले, शुक्रवारी सकाळी सातला परत काढले. (मीटर सीटीवाला, म्हणजे केबलभोवतीच्या करंट ट्रान्सफॉर्मरवरून मोजणारा, असेल तर बिलावर मल्टिप्लाइंग फॅक्टर लिहिलेला असतो, त्याने गुणायला विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो होतो आणि उगाच खूश झालो होतो.) अकरा तासांत २१ युनिट जळालेले, म्हणजे बंद कारखान्यात सतत जवळपास दोन किलोवॅट चालू, त्यावर पुढे बोलू. पण लीडच्या रकान्यात ५३ वाढलेले. ५३ भागिले ११, म्हणजे तासाला पाचच्या जवळ. पाच केव्हीएआर! काकांनी "असू दे" म्हणून जोडलेला तो कपॅसिटर रात्रभर, गुरुवारभर, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा एकटाच चालू होता, सोबतीला मोठी मोटर कुठलीच नाही, त्यामुळे सगळा लीड. आम्ही महिन्यातले चारशे तास तरी बंद असतो. चारशे गुणिले पाचच्या आतबाहेर, बिलावरचे १,९०० जुळले.

म्हणजे ज्या कपॅसिटरने बिल कमी करायचं तोच महिन्याला नऊशे युनिटच्या आसपास बिल वाढवत होता. एमसीबी खाली पाडली, प्रश्न त्या मिनिटाला संपला. खर्च शून्य. तुमच्याकडे कुठे असा फिक्स कपॅसिटर बसबारला लटकवलेला असेल तर आजच बघा. मोठ्या मोटरच्या स्टार्टरनंतर जोडलेला असेल, म्हणजे मोटर बंद तर तोही बंद, तर ठीक आहे.

पॅनल ०.९९ का दाखवत होतं

लॅग ३,६०० अजून बाकीच होते. एपीएफसी पॅनल, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं ते पॅनल, त्याचा कंट्रोलर म्हणजे रिले बिचारा स्वतःहून काहीच बघत नाही, मेन केबलवर जो सीटी बसवलेला असतो त्यातून जेवढं कळतं तेवढ्यावर चालतो. आमची नवीन शेड २०२४ च्या शेवटाला झाली, तिथे व्हीएमसी, दोन प्रेस आणि एक वेल्डिंग सेट गेला. तिची केबल जिथे जागा मिळाली तिथे जोडली, मेन स्विचच्या लगेच पुढे. आणि सीटी त्याच्यापुढे फूटभर अंतरावर. झालं, अख्खी नवीन शेड रिलेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही! जुन्या शेडचा पॉवर फॅक्टर तो इमानदारीत ०.९९ करत होता आणि मीटर दोन्ही शेडचं मोजत होतं.

हे तपासायची सोपी युक्ती, पॅनल न उघडता. रिलेच्या डिस्प्लेवर करंट दाखवायचा पर्याय असतो, तो लावून ठेवा. एक माणूस तिथे उभा करा. दुसऱ्याने एकेक करून मोठं मशीन चालू-बंद करायचं. ज्या मशीनला आकडा हलत नाही ते मशीन सीटीच्या मागून जोडलेलं आहे. आम्ही दहा मिनिटांत शोधलं, तेही ओरडून ओरडून, कारण आत मोबाईलला रेंज येत नाही.

सीटी मेन स्विचच्या लगेच पुढे सरकवला, म्हणजे दोन्ही शेड आणि सगळे कपॅसिटर त्याच्यापुढे आले. सगळा लोड दिसायला लागल्यावर मग पॅनल अपुरं पडायला लागलं, ३० केव्हीएआर होतं, तो बसबारवरचा पाचचा काढून पॅनलमध्ये स्टेप (रिले एका वेळी चालू-बंद करतो तो टप्पा) म्हणून घेतला आणि एक दहाची वाढवली. रिलेमध्ये सीटी रेशो तपासून घेतला. यात दोन गोष्टी काटेकोर सांगतो. चालू लाईनवर सीटीच्या दोन बारीक वायरी कधीच सुट्या सोडायच्या नाहीत, तिथे जिवावर बेतेल इतका व्होल्टेज येतो, मेन बंद करूनच काम. आणि साध्या रिलेत सीटी एका फेजवर आणि व्होल्टेज दुसऱ्या दोन फेजवरून घेतलेला असतो, सीटी हलवताना फेज बदलला किंवा उलटा बसला की रिले वेड्यासारखा वागतो, गरज नसताना सगळ्या स्टेप टाकतो किंवा एकही टाकत नाही. सीटी हलवल्यावर दोन दिवस लक्ष ठेवा. हे काम लायसन्सवाल्या माणसाकडूनच, स्वतः हात घालू नका.

एवढ्यावर पोस्ट संपली असती, पण मूळ दुखणं तसंच होतं. कपॅसिटर दर काही महिन्यांनी का मरतात?

कपॅसिटर जिवंत आहे का ते कसं कळतं

फुगलेला दिसला तर मेलाच, पण न फुगता पण अर्धमेला होतो. क्लॅम्प मीटर घ्या, स्टेप चालू असताना तिन्ही वायरींचा करंट बघा. ४४० व्होल्टचा १० केव्हीएआर कपॅसिटर असेल तर ४४० ला १३ अँपिअर, आपल्या ४१५ च्या लाईनला साडेबाराच्या आसपास यायला पाहिजे. पाचच्या कपॅसिटरला त्याच्या निम्मं. आणि तिन्ही वायरींत सारखं. आमच्याकडे मार्चमध्ये, म्हणजे दोन महिन्यांचे नवे कपॅसिटर, एक दहाचा ९ अँपिअरवर आलेला. काका म्हणाले माल डुप्लिकेट आहे. असेलही, पण तीन वेळा तीन दुकानांतून आणलेला माल डुप्लिकेट?

(हात लावायच्या आधी स्टेप बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मीटरने व्होल्टेज बघून घ्या, बंद केल्यावरपण कपॅसिटर चार्ज धरून असतो.)

मग माझी नजर गेली खोलीवर. आमची कंप्रेसर रूम आठ बाय दहा. त्यात कंप्रेसर, हवेतलं पाणी काढणारा ड्रायर, आणि समोरच्या भिंतीवर एपीएफसी पॅनल, कारण मेन लाईन तिथूनच येते. स्क्रू कंप्रेसर जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी गरम हवा होऊन बाहेर पडते, आमच्याकडे ती गरम हवा थेट पॅनलच्या तोंडावर. मार्चच्या दुपारी खोलीत थर्मामीटर टांगला, ४९ अंश. पॅनलच्या आत ५६. कपॅसिटरच्या डब्यावर छापलेलं होतं "-२५/डी", याचा अर्थ शोधला तर डी म्हणजे कमाल ५५ आणि चोवीस तासांची सरासरी ४५ च्या वर जायला नको. पॅनलचा पंखा फिरत होता पण त्याची जाळी ग्राइंडिंगच्या धुळीने अशी बसलेली की कागद लावला तर ओढला जात नव्हता. बिचारे भाजून मरत होते.

पण ही खोली आधीपण अशीच होती, पाच वर्षं कपॅसिटर टिकले होते. मग २०२३ पासून काय बदललं? कंप्रेसर जास्त चालायला लागला होता. का? इथे खरी गोष्ट आहे.

प्रेशरचा आकडा कोणी वाढवला

कंप्रेसरवर सेटिंग बघितलं तर अनलोड (ज्या प्रेशरला तो हवा भरणं थांबवतो) ८.२ बार. मी बसवला तेव्हा ७ होतं. विचारलं कोणी वाढवलं, तर सगळे एकमेकांकडे बघतात. शेवटी सीएनसीवरचा पोरगा म्हणाला, "शेठ, मशीनला लो एअरचा अलार्म यायचा, म्हणून थोडं वाढवलं." थोडं-थोडं करत कुठवर पोचलं ते त्यालाही माहिती नव्हतं. त्याची चूक नाही, काम थांबलं तर मीच ओरडलो असतो.

अलार्म येण्याचं कारण सापडलं ड्रायरच्या पुढच्या लाईन फिल्टरमध्ये. एलिमेंट बदललंच नव्हतं, तेल आणि गंज मिळून चिखल झालेला. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज लावून बघितलं, जवळजवळ एक बारचा फरक. म्हणजे कंप्रेसर आठ बार बनवतोय आणि मशीनला सातच्या आतच मिळतंय.

आता साखळी बघा कशी आहे. फिल्टर चोक झाला, मशीनला प्रेशर कमी पडलं, पोरांनी सेटिंग वाढवलं, वाढलेल्या प्रेशरने प्रत्येक लीकमधून जास्त हवा जायला लागली, कंप्रेसर जास्त वेळ लोडवर, खोली तापली, गरम हवाच कंप्रेसर परत आत ओढतोय (आत जाणारी हवा चार अंश गरम झाली की साधारण एक टक्का वीज जास्त जाते), पॅनल भाजलं, कपॅसिटर मेले, केव्हीएएच वाढले. आणि आम्ही दीड वर्ष या साखळीच्या शेवटच्या कडीला नवीन कपॅसिटर लावत होतो! एलिमेंटची किंमत एका कपॅसिटरपेक्षाही कमी होती, हे लिहितानापण चिडचिड होतेय.

फिल्टर एलिमेंट बदललं, अनलोड ७ आणि लोड (जिथे तो परत भरायला लागतो) ६.२ वर आणलं. प्रेशर एक बार कमी केलं की कंप्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते असं ढोबळ गणित आहे. पण एकदम खाली आणू नका, रोज पाव बार करत या आणि सगळ्यात लांबच्या मशीनवर गेज ठेवा. सीएनसीला किमान किती लागतं ते त्याच्या पुस्तकात असतं.

लीक मोजायचे, नुसते ऐकायचे नाहीत

परत गुरुवार. सगळी मशीन बंद, पण हवेचे व्हॉल्व्ह नेहमीसारखे उघडे, फक्त कंप्रेसर चालू. स्टॉपवॉच घेऊन बसलो. कोणी हवा वापरत नाहीये, तर कंप्रेसर एकदा भरला की गप्प बसायला पाहिजे. आमचा ७० सेकंद लोड, १३० सेकंद अनलोड, परत ७० लोड. ७० भागिले २००, म्हणजे ३५ टक्के. कंप्रेसरची एक तृतीयांश हवा नुसती सूं करून जात होती. चार-पाच फेऱ्यांची सरासरी काढा, एका फेरीवर जाऊ नका. दहा टक्क्यांच्या आत ठेवणं शक्य आहे, शून्य कोणाचंच नसतं.

मग साबणाचं पाणी, ब्रश आणि लाल रिबन. भांड्याच्या लिक्विडमध्ये थोडं पाणी, जिथे फुगे तिथे रिबन बांधायची, लगेच दुरुस्त करत बसायचं नाही, आधी सगळं फिरून घ्यायचं. २७ रिबन लागल्या. मेन जीआय लाईनवर फक्त दोन, बाकी सगळं शेवटच्या दहा फुटांत: पीयू पाइपचे पुश फिटिंग, क्विक कपलर, एफआरएलच्या (मशीनपाशी हवा गाळणारं युनिट) खालचे ड्रेन, एअर गनची झिजलेली बटणं. रिसिव्हरचा ऑटो ड्रेन अर्धा उघडाच अडकलेला, तो एकटाच सगळ्यात मोठा चोर. एका प्रेसची लाईन मशीन विकून दोन वर्षं झाली तरी भिंतीवर तशीच, टोकाला चिंधी गुंडाळलेली! अंदाज हवा म्हणून सांगतो, सात बारला तीन मिलिमीटरच्या भोकातून जी हवा जाते ती बनवायला चार किलोवॅटच्या आसपास लागतात.

बहुतेक दुरुस्ती म्हणजे पाइपचं टोक सरळ कापून परत बसवणं. तिरकं कापलेलं असतं म्हणून गळतं. पक्कडने कापू नका, पाइप कटर मिळतो. दोन गुरुवार गेले, ३५ चे ९ टक्के झाले.

इथे एक खरं सांगतो कारण बाकीचे सांगत नाहीत. विकणारे लोक लीकचा हिशोब थेट करतात, इतके सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) म्हणजे इतके किलोवॅट म्हणजे इतके रुपये. तेवढे वाचत नाहीत. लीक कमी झाले तरी कंप्रेसर अनलोडवर फिरतच राहतो आणि अनलोडवर आमचा जवळपास पाच किलोवॅट खातो, लोडवर सोळा-साडेसोळा. म्हणजे वाचतो तो फक्त मधला फरक. आमचं कागदावर महिन्याला बाराशे युनिट निघत होते, प्रत्यक्षात आठशे-साडेआठशे मिळाले, प्रेशर कमी केल्याचे तीनशेच्या आसपास वेगळे. इन्व्हर्टर ड्राइव्हचा, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा कंप्रेसर असता तर जास्त मिळाले असते, पण चांगला चालणारा काढून तो घेण्याइतका आमचा फरक नाही. जेवणाच्या सुट्टीत कंप्रेसर बंद करायला लावला एवढंच, कारण अर्धा तास नुसता अनलोडवर घुमणं म्हणजे फुकट.

एअर गनचा वारा

हे वेगळं लिहायला पाहिजे. मे महिन्यात दुपारी दोनला प्रेसवरची पोरं एअर गनने शर्टच्या आत वारा घेतात. सगळीकडे घेतात, तुमच्याकडेपण घेत असणार. एक गन उघडी म्हणजे कंप्रेसरवर दीड-दोन किलोवॅटचा भार, आणि अंगावर हवा मारणं धोक्याचं, डोळ्यात कण जातो, कानाचा पडदा फाटू शकतो. मी नोटीस लावली, कोणी वाचली नाही. मग आमच्या फोरमनने मला उन्हात पत्र्याखाली प्रेसवर उभं केलं, "दहा मिनिटं थांबा शेठ" म्हणाला. दुसऱ्या दिवशी बीएलडीसीचे चार भिंतीवरचे पंखे आणले, प्रत्येकी चाळीस वॅटच्या आत. वारा घेणं बंद झालं, नोटीस काढून टाकली.

बंद कारखान्यातले दोन किलोवॅट

गुरुवारी रात्रीचे ते २१ युनिट. एकेक एमसीबी पाडत गेलो आणि मीटरचा लाल दिवा किती वेळाने लुकलुकतो ते मोजत गेलो. एअर ड्रायर चालू (कंप्रेसर बंद असताना!), जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर चालू सोडलेला, वॉटर कूलर, ऑफिसचा स्टॅबिलायझर ज्याच्यावर आता काहीच जोडलेलं नाही, आणि सीएनसीच्या पॅनलचे एसी. सीएनसीचा मेन रात्री बंद करावा की नाही यावर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारूनच ठरवा, काही मशीनची मेमरी आणि झिरो पोझिशन बॅटरीवर असते, ती बॅटरी संपलेली असेल तर सकाळी वाचवलेल्या विजेच्या शंभरपट खर्च होईल. बाकीचं बंद करून सहाशे वॅटवर आलो. महिन्याचे पाचशे-साडेपाचशे युनिट वाचले.

लाईट आणि एसीबद्दल फार लिहीत नाही कारण त्यावर सगळेच लिहितात. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूब चोकसकट पन्नास खातात, एलईडीची वीस, बदला आणि विसरा. ऑफिसचा एसी २४ वर.

सोलरवाल्यांचा फोन येईल

मलापण आला. घ्या, विरोध नाही, पण हे सगळं आधी करून मग घ्या. कारण सोलर तुमचे केडब्ल्यूएच कमी करतं, लॅग तेवढाच राहतो, त्यामुळे मीटरवर पॉवर फॅक्टर उलट अजून खाली जातो. शेजारच्या गाळ्यात असंच झालं, सोलर पॅनल बसवलं आणि दुपारचा पॉवर फॅक्टर ०.६ झाला, तो बिचारा इन्व्हर्टरवाल्याशी भांडत बसला. शिवाय आधी लीक बंद केले तर सोलरपण लहान लागतं.

ज्यांच्याकडे ड्राइव्ह, सीएनसी, यूपीएस असा लोड जास्त आहे त्यांचे कपॅसिटर हार्मोनिक्सनेपण (विजेच्या लाटेत येणारा बिघाड) मरतात, खोली थंड असली तरी. तिथे (कपॅसिटरपुढे कॉइल लावलेलं) सात टक्के रिअॅक्टरवालं पॅनल लागतं, पण जुन्या ४४० व्होल्टच्या कपॅसिटरपुढे नुसता रिअॅक्टर आणून जोडू नका, रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवर व्होल्टेज वाढतो, जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर लागतात. हे मोजल्याशिवाय ठरवू नका. एनर्जी ऑडिटर बोलवायचा असेल तर महाऊर्जाच्या (राज्य सरकारची ऊर्जा संस्था) यादीतले बघा.

खोलीचं काय केलं ते राहिलंच. पॅनल हलवायचा खर्च ऐकून आधी डक्ट केला. आम्ही शीट मेटलवाले, घरचाच पत्रा, २२ गेजचा जीआय, कंप्रेसरच्या तोंडापासून भिंतीबाहेर. आधी लहान मापाचा केला तर कंप्रेसर हाय टेम्परेचरवर ट्रिप झाला कारण हवा कोंडली. डक्टचं तोंड कंप्रेसरच्या जाळीपेक्षा लहान ठेवायचं नाही, दोनपेक्षा जास्त वळणं द्यायची नाहीत, लांब न्यायचा असेल तर टोकाला एक्झॉस्ट फॅन, आणि समोरच्या भिंतीला खाली थंड हवेसाठी जाळी. पावसाळ्यात बाहेरच्या तोंडाला टोपी. मे मध्ये खोली ४१ वर राहिली. पॅनलची जाळी दर शनिवारी झटकायची, ते काम चहावाल्या पोराला दिलंय आणि तो करतो.

जूनचं बिल: वापर ६,७००, बिलिंग ६,८५०. फेब्रुवारीच्या ९,८७० वरून. काम साधारण तेवढंच होतं, जॉब कार्डवरून तपासलं. कपॅसिटरचा तिसरा संच अजून टिकून आहे, तो ९ अँपिअरवाला एक तेवढा बदलला.

ऑगस्टमध्ये एकदा परत ७.६ दिसलं सेटिंग. या वेळी ओरडलो नाही, सरळ फिल्टरचे दोन गेज बघायला गेलो, अर्ध्या बारचा फरक होता, पावसाळ्यात पाणी जास्त येतं आणि ड्रेन परत अडकला होता. ड्रेन साफ केला, एलिमेंट बदललं, सेटिंग खाली आणलं. सीएनसीवरच्या पोराला सांगितलंय, अलार्म आला तर कंप्रेसरला हात लावू नको, मला गेजचा फोटो पाठव. आता दर आठवड्याला फोटो येतो, अलार्म नसला तरी.